रखमाजी आप्पांची उंच पिकअप

यवतला हायवेला लागून माझं गॅरेज हाय. पोपटराव म्हंजी तोंडाचा फाटका, असं सगळी म्हणत्यात आन् ते काय खोटं न्हाई. गिऱ्हाइकानं गाडीची वाट लावून आणली की मी बोलतो. मग तो सरपंच असूं दे न्हाईतर आणि कोण. पण रखमाजी आप्पांना बोलायला माझी जीभ कधी उचलली न्हाई. एकदाच बोललो, ते सांगतो.

आप्पा कवठे येमाईचे. धनगराचं घर, निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की त्यांचा वाडा हलायचा. वाडा म्हंजी मेंढरं, माणसं, कोंबड्या, कुत्री, सगळं फिरतं बिऱ्हाड. सामान घोडीवर लादायचं, आन् आप्पांची बायको गिताबाई लगाम धरून पुढं चालायची. पण लेक प्रतिभा पोटात व्हती तवा गिताबाईला चालवंना. मग आप्पा घोडीशेजारी एक गुडघा टेकून बसायचे. उभ्या मांडीवर गिताबाई पाय द्यायची, आप्पांच्या पागोट्याला धरून तोल सांभाळायची आन् वर बसायची. त्यांच्या वाड्यावर बाईला घोडीवर चढवायची ती रीतच व्हती. पोरगी झाली, मोठी झाली, तरी या दोघांची रीत मोडली न्हाई.

पुढं आप्पांनी मेंढरं धाकट्या भावाला, ज्ञानूला दिली आन् जुनी पिकअप घेतली. घोडी थकून मेली व्हती. मग ज्ञानूच्या वाड्याचं सामान, नुकती जल्मलेली कोकरं, आजारी माणूस, सगळं आप्पांच्या पिकअपमधून जायला लागलं. वडगाव रासाईच्या अंगाला भीमेच्या पात्रात गाडी घालायची म्हंजी वाळू, गोटे आन् पाणी. बुडाला दगड लागायला लागले. तवा आप्पा माझ्याकडं आले आन् म्हणाले, "पोपटराव, गाडी उचलून द्या."

दिली उचलून. पुढनं मागनं वर घेतली, मोठे टायर घातले. गाडी अशी दिसायला लागली, जणू चिखलात शिरताना धोतर वर खोचलंय. आता पंचाईत गिताबाईची. बाई बुटकी, केबिनपर्यंत पाय पोचंना. मी म्हणालो, "वहिनी, पायरी वेल्डिंग करून देतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

ती म्हणाली, "आवो, घोडीला कुणी पायरी लावल्याली बघितलीया का?"

तोवर आप्पांनी गुडघा टेकलाबी. भर हायवेला, समोर धाबा, धाब्यावर ट्रकवाले जेवत बसलेले. बाईनं मांडीवर पाय दिला, पागोट्याला धरलं आन् गेली की वर. धाब्यावरची खिदळायला लागली. गिताबाईनं खिडकीतनं तोंड काढलं. "हसा, हसा! घरी जाऊन बायकूला इचारा, तुमच्यातला कोण गुडघा टेकतो ते." समद्यांनी माना ताटात घातल्या. आप्पा आपले मिशीत हसत स्टेअरिंगवर जाऊन बसले. तवापास्नं यवतच्या बाजारात हे जोडपं आलं की लोकं मुद्दाम बघायला थांबायची. मीबी हातातला पाना टाकून बघायचो.

मग गिताबाई गेली. पोटाचं दुखणं निघालं, पुण्याच्या दवाखान्यात नेली, आन् परत आणली ती दुसऱ्याच्या गाडीतनं. मातीला मी गेलो व्हतो. आप्पांच्या डोळ्यात टिपूस न्हाई. दहाव्यालाबी न्हाई. लोकं म्हणाली, घट्ट काळजाचा माणूस. कसलं घट्ट! मला तर ते तिथं असल्यागतच वाटंना. चहा दिला तर कप हातात धरून बसायचे. निवला की कुणीतरी काढून घ्यायचं.

प्रतिभा रांजणगावला कंपनीत कामाला. सुपरवायझर हाय, बोलायला आईसारखीच. सुट्टी टाकून बापापाशी राहिली व्हती. एक दिवस एकटीच माझ्याकडं आली.

"मामा, आप्पांची पिकअप एका बाजूला ओढतीया. पुढचा टायर आतल्या कडेनं खाल्लाय."

मी म्हणालो, "पुढच्या चाकाचा वरचा आर्म गेला असणार. गाडी उचललेली, आर्म मात्र मूळ उंचीचा. वाकडा लोंबकळतो आन् त्याच्या टोकाचा सांधा, बॉल जॉइंट, खिळखिळा व्हतो. मी आप्पांना तवाच सांगितलं व्हतं. दुसरे बघून घालतो."

"तुम्ही नका बघू," ती म्हणाली. "आप्पांना निवडू द्या."

"आगं, त्यांना त्यातलं काय कळतंय?"

"कळू नाहीतर नको कळू. मामा, मी वाढते ते खातात. झोपा म्हणलं की झोपतात. अंघोळीचं पाणी काढलं की अंघोळ करतात. आई गेल्यापासनं मला हे पाहिजे, हे नको, असं एकदा म्हणले नाहीत. सोमवारी मला कामावर जायचंय. त्यांच्या तोंडनं एक तरी गोष्ट निघू दे. न्हाईतर मी घरातनं पाय कसा काढू? हे असेच बसून जातील, मामा."

पोरीचं तोंड बघवंना मला. म्हणालो, "आण त्यांना."

रविवारी आली दोघं. मी टेबलावर तीन जोड मांडून ठेवले व्हते. आर्म म्हंजी काय, पुढच्या चाकाला वरच्या अंगानं धरून ठेवणारा लोखंडी हात. पहिला जोड मूळ कंपनीसारखा. तो घालायचा तर गाडी सगळी खाली घ्यायला पाहिजे. दुसरा पुण्याच्या मार्केटमधनं आणलेला, बॉल जॉइंट जरा तिरपा. गाडी थोडी उचललेली असंल तर बरा. आन् तिसरा भोसरीच्या एका वर्कशॉपमधनं खास सांगून करून घेतलेला, जाड पाइपचा, लांब. आप्पांच्या गाडीच्या उंचीला अगदी बरोबर. माझ्या मनात तोच व्हता. दुसरा मी आपला मांडायचा म्हणून मांडलेला.

सगळं समजावून सांगितलं. हातात देऊन दाखवलं. आप्पांनी पागोटं बांधल्यालं, पण कसंतरीच. टेबलाकडं बघत व्हते, पण बघत नव्हते.

"मग? कुठला घालू?"

"कुठलाबी घाला."

"आप्पा, कुठलाबी कसा चालंल?"

"चालंल."

प्रतिभा म्हणाली, "आप्पा, हातात घेऊन तर बघा." त्यांनी घेतला. ती म्हणाली, "आता ठेवा." त्यांनी ठेवला. आई शप्पथ सांगतो, तिथं माझं टाळकं सरकलं. बाप लेकीचं ऐकतोय हे बघून न्हाई. लेक रडायच्या घाईला आलीया, आन् बापाला ते दिसंना, म्हणून.

"आप्पा!" मी वराडलोच. "हे काय मंडईतले बटाटे हायेत का, कुठलाबी म्हणायला? उंचीवर असतंय सगळं. गाडी किती उंच ठेवायची तेवढं तुमच्या तोंडानं सांगा. न्हाईतर मी बोल्टाला हात लावणार न्हाई. न्या तशीच परत!"

गॅरेजातली पोरं कामं टाकून बघायला लागली. प्रतिभानं माझ्याकडं असं बघितलं, की आता आप्पा उठून जाणार.

आप्पा उठले खरे. पण गेले ते गाडीच्या डाव्या दरवाजापाशी. दरवाजा उघडला. आन् खाली बसले, एक गुडघा टेकून. गॅरेजची जमीन म्हंजी नुसतं ऑइल आन् माती, धोतर भरलं, पण त्यांना त्याचं काय न्हाई. बसले आन् केबिनच्या पत्र्याकडं बोट केलं. "एवढी. तिच्या पायाला हीच उंची बसायची."

उंची सांगितली. काम झालं व्हतं. आता उठायला पाहिजे व्हतं. पण माणूस उठंना. मांडी पुढं करून, मान जरा खाली घालून तसेच बसून राहिले. गिताबाई चढायच्या आधी बसायचे ना, अगदी तसे. हातात पाना घेऊन खुळ्यासारखा उभा राहिलो. हायवेवरनं एसटी गेली, ट्रक गेले. आप्पा बसल्यालेच.

प्रतिभानं पायातल्या चपला काढल्या. पुढं गेली. बापाच्या मांडीवर पाय ठेवला, पण ठेवला तो घाबरत घाबरत, भार न देता. हात कुठं धरावा तिला कळंना, म्हणून दरवाजाला धरायला गेली.

"तिथं न्हाई," आप्पा म्हणाले. "पागोट्याला धर. तुझी आई पागोट्याला धरायची."

तिनं धरलं. सगळा भार दिला आन् दुसरा पाय वर टाकला. पाय पत्र्याला लागला आन् घसरला. परत टाकला, परत घसरला. आईपेक्षाबी बुटकी पोरगी ती, आन् आईची सवय तिला कुठली? आप्पांनी तिची पोटरी दोन्ही हातांनी घट्ट धरली, पडू नये म्हणून. आन् मान वर करून लेकीकडं बघितलं. इतक्या दिवसांत तवा पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"पोपटराव," ते म्हणाले, "तीन बोटं खाली घ्या. हिचा पाय पोचत न्हाई."

मी म्हणालो, "आप्पा, मग नदीतनं गाडी कशी जायाची?"

"पाणी चढल्यालं असंल तवा थांबंन की. तो मधला घाला."

मधला. जो मी नुसता मांडायचा म्हणून मांडला व्हता. मी भोसरीचा जोड उचलून बाजूला ठेवला, जॅक लावला आन् गाडीखाली गेलो. गाडी वर-खाली घ्यायचा बोल्ट तसा सहज फिरला. पण वरनं आप्पांच्या रडण्याचा आवाज यायला लागला, ढसाढसा, लहान पोरासारखा, आन् मधी मधी प्रतिभा म्हणत व्हती, "रडा आप्पा, रडा." मग मी बोल्ट झाला तरी बाहेर आलो न्हाई. खालीच पडून राहिलो, गाडीच्या बुडाकडं बघत.