ट्रॅक्टर बघण्याचा कार्यक्रम

आमचे हे रिटायर झाले आणि ट्रॅक्टरच्या प्रेमात पडले. दुसरी बाई असती तर मी आठवड्यात निकाल लावला असता, पण ट्रॅक्टरच्या झिंज्या कुठे धरणार? सकाळी चहाबरोबर मोबाइलवर ट्रॅक्टर, जेवताना ट्रॅक्टर. बाथरूममध्ये गेले तरी आतून कोणीतरी हिंदीत हॉर्सपॉवर समजावून सांगतंय. मी भाजी कशी झाली विचारलं तर म्हणाले, "वीस एचपी पुरे होईल."

आम्ही मुलुंडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत एक तुळस आणि एक मरतुकडा कढीपत्ता आहे. त्यांच्यासाठी ट्रॅक्टर नको होता, तो हवा होता कोकणातल्या बागेसाठी. सासऱ्यांनी लावलेली हापूसची कलमं, थोडे काजू आणि बाकी नुसतं गवत. पावसाळा संपेपर्यंत ते माझ्या कमरेला लागतं, दिवाळीनंतर वाळतं, आणि मग कोणी विडी टाकली की अख्खी वाडी बादल्या घेऊन धावते. कापायला माणूस मिळत नाही. गेल्या वर्षी ह्यांनी खांद्याला अडकवायचं गवत कापायचं मशीन आणलं. एक दुपार चालवलं आणि पुढे कितीतरी दिवस हात आपोआप थरथरत होते. कप बशीवर तबला वाजवायचा आणि चहा माझ्या चादरीवर.

म्हणून ट्रॅक्टर. झाडांखालून जाईल इतका छोटा, चढाला मागे घसरणार नाही असा, मागे गवत कापायचं यंत्र जोडता येईल असा. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच कारणाने. ट्रॅक्टर घेऊन हे गावाला कायमचे राहायला जाणार होते, आणि हे मला कळलं कोणाकडून? इस्त्रीवाल्याकडून! "साहब तो अब गाव में रहेंगे ना," असं म्हणत त्याने माझ्या हातात शर्ट ठेवले. चौकशी केली तर दूधवाल्याला माहीत, डॉक्टरांना माहीत, सोसायटीच्या सेक्रेटरींना माहीत. गावच्या चुलत दिरांना तर फोनवर सगळा बेत सांगून झाला होता. ते तिकडून ओरडत होते, "तुका ट्रॅक्टर कित्याक होयो रे? माझो रेडो घेवन जा!" सगळ्या दुनियेला सांगितलं. मला मात्र एका शब्दाने विचारलं नाही, की बाई गं, तू येणार आहेस का?

मग मीही ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. बघू या किती दिवस गप्प बसतात ते. वरून मी ठणठणीत होते, पण खरं सांगते, आतून तशी नव्हते. दुपारी एकटीच्या ताटात आमटी वाढून घेतेय असं चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि मी उगीच कुकरवर चिडायचे.

त्यात ह्यांनी पार्किंगचा उद्योग काढला. म्हणे, कलमांच्या फांद्या खाली आलेल्या असतात, ट्रॅक्टर वळेल की नाही हे आधी बघायला हवं. गावाला जाऊन बघणारा माणूस वेगळा! ह्यांनी खडूने आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बाग आखली. सोसायटीच्या ऑफिसातली चाकांची खुर्ची आणली, तिला रुंदीसाठी आडवा खराटा बांधला. झाडं मात्र हवी होती. माझा सकाळचा योगाचा ग्रुप तेव्हा गच्चीवरून उतरत होता. ह्यांनी त्या सगळ्यांना हात जोडून विनंती केली आणि पाचच मिनिटांत पार्किंगमध्ये सात बायका हात पसरून आंब्याची झाडं होऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुम्ही त्या कोपऱ्यात काजू व्हा," हे म्हणाले.

"मी काजूबिजू होणार नाही हां," दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली. "मी हापूसच होणार. नाहीतर मला पोळ्या आहेत."

शेवटी सगळ्याच हापूस झाल्या. खुर्चीत हे बसले आणि ढकलायला कोण? मी. मी रागाने ढकलत होते, त्यामुळे वेग जरा बरा आला. पहिल्या वळणाला खराटा एका हापूसच्या कमरेत बसला. दुसऱ्या हापूसचा फोन वाजला, तर ती फांद्या खाली घेऊन बोलत बोलत गेटपर्यंत निघून गेली. "झाड हलतं का कधी? जागेवर या!" हे ओरडले. एवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांनी ते दृश्य नीट पाहिलं आणि म्हणाले, "पार्किंगमध्ये झाडं लावायला कमिटीची परवानगी लागते." मग ह्यांच्यावरची दया म्हणून की काय, स्वतःच गेलेल्या झाडाच्या जागी उभे राहिले. त्यांची उंची जास्त, म्हणून ह्यांनी त्यांना गुडघ्यात वाकायला लावलं.

एवढ्या तमाशातून निष्कर्ष काय निघाला, तर ट्रॅक्टर चार फुटांपेक्षा रुंद नको आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागचा लोखंडी दांडा खाली पाडता यायला हवा. तो निष्कर्ष मोबाइलवर पहिल्या दिवशीच दिसत होता. पण ह्यांचं समाधान झालं आणि म्हणाले, "रविवारी बघायला जाऊ."

ट्रॅक्टरचं शोरूम भिवंडीच्या पुढे हायवेला होतं. गाडी मीच चालवत होते. आमच्या घरात ड्रायव्हिंग मलाच येतं. ह्यांची उभी हयात ऑफिसला जाण्यायेण्यात दुसऱ्यांच्या चाकांवर गेली, साधी सायकलही कधी शिकले नाहीत. बाजूला बसून ब्रेक मात्र तेच दाबतात, पायाखालचं मॅट फाटलंय. सबंध रस्ता हे चढ आणि चिखल आणि डिझेल बोलत होते आणि मी हूं हूं करत होते. आज तरी विचारतील, आता तरी विचारतील. टोलनाका गेला, पेट्रोल पंप गेला, विचारलं नाही.

शोरूमच्या मागच्या मोकळ्या पटांगणात ट्रॅक्टर ओळीने उभे होते, लाल, निळे, हिरवे. आणि प्रत्येकाला सीट एकच! मला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. कार घ्यायला गेलं तर निदान शेजारी बसायला जागा असते. हे मात्र खुशीत. टायरवर थापा मारत होते, बॉनेट उघडून आत डोकावत होते, दातही बघितले असते तर बैलबाजारच. हे मला बघायला आले होते तो दिवस आठवला. तेव्हाही सगळे प्रश्न माझ्या वडिलांना विचारले होते आणि मी पोह्यांची बशी घेऊन उभी.

शेवटी ह्यांनी लाल रंगाच्या एका बुटक्या ट्रॅक्टरवर हात ठेवला. रुंदी बरोबर, दांडा पडतो, चारही चाकांना जोर. सेल्समन खूश झाला. चावी पुढे करून म्हणाला, "साहेब, बसा. एक राऊंड मारून बघा."

"मी कुठे? मला येत नाही," हे म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ही चालवणार."

"मी? मी कुठे चालवणार?"

"गावाला. नाहीतर काय मुलुंड चेकनाक्यावर?"

"मला विचारलंत?"

"अगं, त्यात विचारायचं काय?"

अस्सा राग आला म्हणून सांगू! म्हणजे हा माणूस इतके महिने मला बरोबर धरूनच चालला होता, आणि मी इकडे एकटीची आमटी वाढून घेत होते! ते एकटीचं ताट त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं, डोळ्यांत पाणीही आलं, पण राग काही जागचा हलला नाही. मी ओढणी कमरेला खोचली, सेल्समनच्या हातातून चावी घेतली आणि वर चढले. त्याने गिअर दाखवले. ट्रॅक्टर एक गचका देऊन निघाला.

"क्लच! क्लच हळू सोड!" हे मागून धावायला लागले. ज्यांनी सायकल चालवली नाही ते मला क्लच शिकवत होते.

"आधी विचारा!" मी ओरडले.

"काय विचारू?"

"इस्त्रीवाल्याला सांगितलंत ना? मग मला विचारा!"

पटांगणात एक कुटुंब नवीन ट्रॅक्टरची पूजा करत होतं. नारळ फोडायला वर गेलेला त्यांच्या आजोबांचा हात तसाच वर राहिला. ट्रॅक्टर सगळ्यात हळू गिअरमध्ये होता, तरी ह्यांना धाप लागली. एक चप्पल मागे राहिली होती. सेल्समन ती उचलून ह्यांच्यामागे धावत होता.

"माझ्याबरोबर," हे धापा टाकत ओरडले, "गावाला राहायला येशील का गं?"

मी लगेच हो म्हटलं. इंजिनाच्या धडधडीत ते ह्यांना ऐकूच गेलं नाही, आणि मीही आवाज चढवला नाही. हे पुन्हा विचारत, पुन्हा धावत येत होते. मी स्टिअरिंग वळवलं आणि आणखी एक फेरी घेतली.