विहिरीतल्या माणसाच्या रक्तातली दारू

त्या माणसाने आयुष्यात दारू घेतली नव्हती. घेतली होती, असं मी लिहिलं. चूक माझीच.

मी कोल्हापुरात शवविच्छेदन करतो. एका उन्हाळ्यात नेसरीकडच्या जैन शेतकऱ्याचं प्रेत विहिरीतून काढून आणलं. बरेच दिवस पाण्यात राहून फुगलेलं. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला: रक्तात मद्यार्क. प्रेत सडताना मद्यार्क आपोआप तयार होतो, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. तरीही त्या दिवशी साचलेल्या फायली उरकताना नेहमीचं वाक्य लिहून टाकलं: मद्याच्या अमलाखाली बुडून मृत्यू.

त्याचे वडील आणि बायको भेटायला आले. म्हातारा म्हणाला, "डॉक्टर, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत बी न्हाईत. दारू कुठनं आली?"

"आजोबा, सगळ्यांच्याच घरचे असं म्हणतात."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या. माझ्या पोराचं सांगा की."

"घरच्यांना शेवटीच कळतं," मी म्हणालो. जाताना सून सासऱ्याच्या बरीच पुढे चालत होती.

पुढे एका ओढ्यातून लहान मुलीचं प्रेत आलं, तसंच फुगलेलं. अंगणवाडीत जाणारी पोर. तिच्याही रक्तात मद्यार्क निघाला. तो अहवाल वाचल्यावर मला दुसरं काही काम सुचेना.

शेतकऱ्याबद्दलचं सुधारित मत लिहून पोलिसांकडे पाठवलं. हवालदाराचा फोन आला. "साहेब, ते प्रकरण कवाच बंद झालं. मेलेला माणूस काय दाखला मागायला येतोय व्हय?"

नेसरीला जायचं ठरवलं, आणि लाजेपायी पुढे ढकलत राहिलो. गेलो तेव्हा म्हातारा वारला होता. बायको अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. प्रेत सडताना काय होतं, तेही सांगितलं.

हात न थांबवता ती म्हणाली, "मामंजी मरस्तोवर सांगत हुते, माझा पोरगा प्याला न्हवता. मीच मानलं न्हाय. म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलंल? लग्नापास्नं ह्यांनी फसवलं मला, म्हणून त्यांच्या नावानं रडले बी न्हाय मी. आता सांगून काय करू?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मशीन खोटं बोललं नाही, ताई. अर्थ मी चुकीचा लावला. तुमच्या नवऱ्याने तुम्हाला फसवलं नव्हतं. मला माफ करा."