सिहोरा ते भंडारा: डाव्या हाताच्या गिटारसाठी दोन फेऱ्या

आधी माफी मागतो. पोळ्यानंतर या ब्लॉगवर मी एक अक्षर लिहिलं नाही. काही वाचकांनी विचारलं, आजोबा आजारी आहेत का? आजारी नाही, रागावलेला आहे. लिहायला बसलो की दोन ओळी खोडायचो आणि बीपीची गोळी घेऊन उठायचो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, रागात लिहिलं तर वाक्य कुठल्या कुठे जातं. आता थोडा निवळलो आहे, म्हणून लिहितो. पूर्ण निवळलो असं मात्र समजू नका.

माझी नात प्रांजली कॉलेजात शिकते आणि गिटार वाजवते. ती डावखुरी आहे. जेवण सोडून सगळं डाव्या हाताने करते. तिच्या एका मॅडमने आपली जुनी गिटार तिला वापरायला दिली आहे, पण ती उजव्या हाताची. प्रांजली तारा उलट्या बांधून वाजवते. तेवढ्याने भागत नाही, हे मी तिच्याकडूनच शिकलो. तारा ज्या घोडीवर टेकतात ती तिरपी बसवलेली असते, उजव्या हाताच्या हिशोबाने. तारा उलट्या केल्या की खालचे सूर जमतात आणि वर वर जावं तसे बेसूर होत जातात.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतं. रंगमंचासमोर खड्डा खणतात आणि वाजवणारे त्यात बसतात. यंदा ऑर्गनवाल्या मास्तरांनी प्रांजलीला बोलावलं. म्हणाले, "पोरी, तुले टोकाले बसवतो, तुह्या गिटारची मान बाहेर राहील, कोनाले लागनार नाई. पन हे बेसूर डबडं नको आनू. माह्या ऑर्गनसंगं जुळलं पायजे." बोलणं रास्त होतं. म्हणजे मंडईच्या आधी चांगली, डाव्या हाताची गिटार हवी. एवढीच गोष्ट. पैसे माझ्याजवळ होते. पैशाचं रडगाणं या लेखात नाही.

कापणीला अजून वेळ होता आणि प्रांजलीची परीक्षा चालू होती. म्हणून शनिवारी मी एकटाच निघालो. ठरवलं असं, की आधी मी शोधतो, मिळाली की तिला नेतो. तिने धरून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. दुसऱ्याच्या पायाची चप्पल कोणी घेतं का?

सिहोऱ्याहून तुमसरला सकाळची एसटी धरावी, बसायला जागा मिळते. रस्ता आता बरा आहे, पण बसच्या खिडक्या बऱ्या नाहीत. माझ्या बाजूची बंद होईना, सारी धूळ डोळ्यांत. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट आहे, पण कंडक्टरने कार्ड असं उलटून पालटून पाहिलं, जसं मी ते घरी छापलं. बरोबर कार्ड ठेवा आणि डोकं शांत ठेवा. माझं पहिलंच जमलं.

तुमसरला उतरून तर्री-पोहे खाल्ले. तर्री जरा जास्तच झाली, ती पोटात घेऊनच वाद्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि एक निळी, चकचकीत, खेळण्यासारखी गिटार काढली.

"नातवासाठी ना, बाबाजी? ही घ्या. पोट्टे हेच नेतात."

म्हटलं, "नातीसाठी. डाव्या हाताची पायजे. वरची फळी अखंड लाकडाची, प्लायची नाई."

तो हसला. "डाव्या हाताची? अजी, आपन तारा उलट्या करून देतो ना."

"घोडीचं काय करान?"

"कोनती घोडी?"

मी घोडीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "एवढं कोन पाहते? पोट्टीले सांगा, सरळ हातानं शिक. दोन महिन्यांत सवय होते."

माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, आमच्या शेतात रोवणीले ती डाव्या हातानं धान रोवते. आमी तिले बांधीच्या कडेले उभी करतो म्हणून बाजूच्या बाईसंगं हात भिडत नाई. आजपावेतो तिची एक ओळ वाकडी गेली नाई. धानाले कळत नाई कोनत्या हातानं लावलं. तुमाले कायले एवढं पडलं?"

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती हसली. दुकानदारही हसला. मी हसलो नाही.

गिटार घ्यायला जाणाऱ्यांनी इथेच लक्षात ठेवावं. "फुल सॉलिड आहे" असं सगळेच म्हणतात. मधल्या गोल भोकाची कड पाहा. वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड. कडेला थर दिसले तर प्लाय. तुमसरच्या त्या दुकानात मी तीन भोकांत वाकून पाहिलं, तिन्हींत थर. सांगितलं तर म्हणतो, "बाबाजी, चष्मा बदला." हे ऐकायला मी एसटीने आलो होतो!

तुमसरहून भंडारा तासाभराचा रस्ता. मोहाडीपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत होतो, पुढे झोप लागली. भंडाऱ्याला पहिल्या दुकानात डाव्या हाताची नव्हतीच. दुसऱ्यात दुकानदार जेवायला गेला होता. मी पायरीवर बसून राहिलो आणि बसल्या बसल्या काळजी करत राहिलो. शेवटची गाडी चुकली तर? मिळाली आणि खोटी निघाली तर? मिळालीच नाही तर तिला काय सांगू?

तो आला. तरुण माणूस, बोलायला गोड. माझं ऐकून आत गेला आणि काळी पेटी घेऊन आला. "एका साहेबानं पोरासाठी मागवली होती. बदली झाली, न्यायलेच आले नाई. सहा महिन्यांपासून पडून हाये. डाव्या हाताची कोन घेते?"

उघडली. फिक्या, लोण्यासारख्या रंगाची फळी. भोकाच्या कडेवरून रेघा सरळ खाली उतरलेल्या. घोडीचा तिरपेपणा उलटा, म्हणजे आमच्यासाठी सरळ. मान डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहिली, जसं नवं जू पाहतो. कुठे वाक नाही, पीळ नाही. तारा बोटभर उंच नव्हत्या. उंच असतील तर शिकणाऱ्याची बोटं फुटतात. मला वाजवता येत नाही. एक जाड तार नुसती छेडली. सूर निघाला आणि किती तरी वेळ खोलीत राहिला. फळीवर तळहात ठेवला तर तीही कापत होती. इतका आनंद झाला की मला भीतीच वाटायला लागली.

"भाऊ, ही आमची. सोमवारी नातीले घेऊन येतो. उद्या तुमचं दुकान बंद असन ना?"

"हो, बंद. या ना सोमवारी."

आमच्या बैलबाजाराची एक रीत आहे. बैल पसंत पडला आणि मालकाने मान हलवली की आपला दोर त्याच्या गळ्यात टाकायचा. मग तुम्ही चहाला जा, नाहीतर घरच्यांना आणायला जा. त्या बैलाकडे दुसरं गिऱ्हाईक ढुंकून पाहत नाही. मी गळ्यातला दुपट्टा काढला, गिटारच्या मानेला नीट गाठ मारून बांधला. दुकानदार पाहत होता. म्हणाला, "राहू द्या, बाबाजी." मी समजलो, सौदा झाला. हात जोडून निघालो.

घरी आल्यावर प्रांजलीने शंभर प्रश्न विचारले. रंग कसा, मान रुंद आहे का, आवाज कोरडा की भरलेला. मी म्हटलं, तू हात ठेवशील तेव्हा कळेल. रविवारभर ती तारा दाबायच्या उजव्या हाताची नखं कापत, घासत बसली.

सोमवारी पेपर आटोपून ती तुमसरला मला भेटली. तिचंही अर्धं तिकीट, बायकांना असतं ते. बसमध्ये ती मला गाणी ऐकवत होती. "आबाजी, येताना पेटी मी मांडीवर घेईन. वर ठेवायची नाई हो, लोक पोती टाकतात."

दुकानात गेलो. दुकानदाराने मला पाहिलं आणि खाली पाहिलं. मग टेबलाखालून एक थैली काढली. आत माझा दुपट्टा होता, नीट घडी घातलेला.

"विसरून गेले होते, बाबाजी. सांभाळून ठेवला."

"गिटार?"

"रविवारी एक फोटोवाले आले. मले घरून बोलावलं. घेऊन गेले."

"तिले माहा दुपट्टा बांधला होता!"

"अजी, मले काय मालूम? वाटलं, गरमी झाली म्हणून काढला असन. तुमी घेतोच म्हणून बोलले कुठी?"

"आमची म्हटलं ना मी! बैलबाजारात..."

"बाबाजी, हा बैलबाजार आहे का?"

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येत नाही. प्रांजलीने माझा दंड धरला होता. तिनेच विचारलं, "भाऊ, त्यायचा पत्ता द्या. इचारून पाहू." ते मला सुचलंच नव्हतं.

फोटो स्टुडिओ जवळच निघाला. लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढतात ना, ते काम. भिंतीजवळ आमची गिटार उभी होती. प्रांजली धावत गेली आणि मधेच थांबली. फळीवर कागदी फुलं गोंदाने चिकटवली होती. कडेकडेने छिद्रं पाडून त्यांतून बारीक दिव्यांची माळ ओवली होती. अखंड लाकडाच्या फळीला छिद्रं!

फोटोवाल्याला म्हटलं, "हे काय केलं तुमी?"

"लाइट लावले. रात्रीच्या फोटोले भारी दिसते."

"वाजवते कोन?"

"वाजवाची कायले? नवरदेवाच्या हाती देतो, धरून उभा राहते. त्याले तं सारेगम बी येत नाई." आणि मग माझं तोंड पाहून म्हणाला, "पायजे तं घ्या, बाबाजी. एवढं लागत असन तं जेवढ्याले घेतली तेवढ्यालेच द्या."

हे त्याचं चांगलंच बोलणं होतं, पण मला त्याचाही राग आला. प्रांजलीने गिटार डाव्या हाताने छेडली. शनिवारचा सूर आला नाही. फळी फरफरली, जसं फाटकं सूप वाजतं. तिने हलकेच ती भिंतीला टेकवली. "नको, दादा. राहू द्या तुमाले."

परतीच्या गाडीत आम्ही आलूबोंडे घेतले होते, ते तसेच घरी आले. नागपूरच्या दुकानांना फोन लावले. एक म्हणतो, मागवून देऊ, पण कधी येईल सांगता येत नाही. दुसरा म्हणतो, धरून पाहायला मिळणार नाही, डब्बा उघडला की परत घेणार नाही. तिसरा म्हणाला, "सरळ हाताने शिकवा." फोन मी आपटणारच होतो, पण तो प्रांजलीचा होता.

लोक विचारतात, प्रवासातून काय आणलं? मी दुपट्टा आणला. गेलो तेव्हा तोच होता. वाईट याचं वाटतं, की दुकानदार खोटा माणूस नव्हता. त्याने माझा दुपट्टा सांभाळला, मी त्याच्या गाठीवर विश्वास ठेवला, आणि दोघांनी मिळून पोरीची गिटार घालवली. तोंडाने दोन शब्द जास्त बोललो असतो तर! पण ज्या माणसाच्या डोळ्यांदेखत गाठ मारली, त्याला एका शब्दाने विचारता आलं नसतं का? हे मी रोज स्वतःशी भांडतो आणि रोज मीच जिंकतो. उपयोग शून्य.

परवा संध्याकाळी शेतातून आलो तर मागच्या खोलीतून अडखळत सूर येत होते. एक लागतो, दोन चुकतात. शिकाऊ मूल वाजवतं तसं. दार लोटून पाहिलं तर प्रांजली. मॅडमच्या गिटारच्या तारा तिने परत सरळ बांधल्या होत्या. उजव्या हाताने छेडत होती, डाव्याने दाबत होती, आणि ओठ दातांखाली धरला होता.

"काहून वं? हे काय करून राहिली?"

"काही नाई, आबाजी. पाहून राहिली, जमते का."

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई. सगळेच तं म्हणतात." मग म्हणाली, "तुमी जेवत नाई धड. त्या दुकानदाराच्या नावानं झोपीत बडबडता. मले होईन सवय. तुमी सोडा आता."

ज्या गोष्टीसाठी मी सगळ्या जिल्ह्याशी भांडलो, ती गोष्ट ही पोरगी माझ्यापायी सोडायला निघाली आहे. मी दार ओढून घेतलं. गोळी घेतली आणि हे लिहायला घेतलं.

वाचकहो, हा लेख तुम्हाला रस्ता सांगायला लिहिला असेल असं वाटलं असेल. आहेच, पण खरं काम दुसरं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, ओळखीत, साकोलीला, एकोडीला, गोंदियाला, कुठेही डाव्या हाताची साधी लाकडी गिटार असेल, वरची फळी अखंड असेल, छिद्रं पाडलेली नसतील, तर खाली लिहा. जुनी चालेल, ओरखडे चालतील. मी स्वतः येईन, तिला घेऊन येईन, आणि या वेळी तोंडाने स्पष्ट सांगेन की घेतो. मंडईला आता फार दिवस उरले नाहीत, आणि पोरगी जिद्दीची आहे, रोज तासभर उजव्या हाताने बसते. काल तिचे दोन सूर सरळ लागले. लवकर कळवा हो, तिचा हात अजून पुरता वळलेला नाही.