वर कोण बसलंय?

आज पेटीतली शाल उन्हात टाकली. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला आणि फुलंब्रीचा तो मांडव आठवला.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता, लंकेतल्या लढाईत मारला गेला. फौज तिकडं धाडायचं ठरवणाऱ्यांतला एक मंत्री आईचा सत्कार करायला आला होता. ही शाल त्यानंच तिच्या खांद्यावर टाकली. आई स्टेजवरून उतरून माझ्याजवळ आली, पण बसली नाही. वळून मोठ्यानं म्हणाली, "साहेब, माझं पोरगं तिकडं कशापायी मेलं?"

मंत्री हसला. "आजी, हुकूम वरून येतो."

"वर तर तुम्हीच बसलाय की! तुमच्यावर आणिक कोण हाय?"

मांडव खदाखदा हसला. मागून कुणी ओरडलं, "म्हातारी लई तिखट हाय!"

मी तिचा पदर ओढला. "आई, गप बस. लोक हसायलेत."

ती बसली. मंत्री कालव्यावर बोलला. मी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मला आईची लाज वाटली. आता माझी वाटते. त्या मंत्र्याला मरेपर्यंत कुणी जाब विचारला नाही. एकीनं विचारला होता, तर तिला मीच खाली बसवलं.