अर्धं वाटेत सांडायचं

कुठे भांडण लागलंय म्हटलं की डोंगरकाकांचा चेहरा खुलायचा. "चला, डोंगरावर नेऊ दोघांना!"

आमच्या मेरिलंडमधल्या गावामागे डोंगरात, कुंपणाआड, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं विश्रामस्थान, कॅम्प डेव्हिड आहे. दोन वैरी देशांचे नेते तिथे एकमेकांचं तोंड पाहीनात, तेव्हा राष्ट्राध्यक्ष स्वतः निरोप घेऊन या केबिनमधून त्या केबिनमध्ये फिरले आणि तह झाला, ही काकांची लाडकी गोष्ट. शेजारच्या पार्कात भाड्यानं तशाच लाकडी केबिन मिळतात. काका तिथे दोन घ्यायचे, भांडणाऱ्यांना वेगवेगळं बसवायचे, फोन काढून घ्यायचे आणि पिठलं शिजत ठेवून मधल्या शंभर पावलांत येरझारा घालायचे. गणपतीवरून फुटलेलं मंडळ आणि माझा मोडायला आलेला संसार, दोन्ही त्यांनी तिथेच सांधले. "निरोप्यानं रागातलं अर्धं वाटेत सांडायचं गं," म्हणायचे, "उरेल तेवढंच पोचवायचं."

आणि त्यांचा स्वतःचा मुलगा? निखिल चार वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. त्याच्या लग्नाला काका गेले नाहीत, आणि काकू वारल्या तेव्हा तो आला नाही. गेल्या ऑक्टोबरात कसाबसा डोंगरावर यायला तयार झाला. या खेपेला निरोप्या मी.

"त्याला म्हणावं," काका म्हणाले, "आई गेली तेव्हा आला नाहीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पिठलं गार होतंय, ये."

मी मूर्ख! प्रामाणिकपणाचा केवढा टेंभा मला. शब्दन् शब्द सांगायला निघाले. पहिल्याच वाक्याला निखिलनं गाडीची किल्ली उचलली. "देन व्हाय अ‍ॅम आय हिअर, ताई?" पिठल्याचं वाक्य मी त्याच्या पाठीला सांगितलं.

"किती सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"सगळं."

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "असू दे. तू तरी जेवून घे." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते झाकण अजून माझ्या छातीवर आहे.

जानेवारीत काकांना हॉस्पिटलात दाखल केलं. निखिल बॉस्टनहून गाडीनं निघालाय, असं मी त्यांच्या कानाशी सांगितलं, तेव्हा पुटपुटले, "आता कशाला येतोय? चार वर्षं कुठे होता?" मग बऱ्याच वेळानं, "रस्त्यावर बर्फ असेल. सावकाश चालव म्हणावं."

तो पोचायच्या तासभर आधी ते गेले. निखिल भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता.

"ताई, बाबा काही म्हणाले?"

"म्हणाले, रस्त्यावर बर्फ असेल, सावकाश चालव म्हणावं."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.