फुगा कोणी सोडायचा

चार नोव्हेंबर, मंगळवार, सकाळचे साडेदहा. अकरा दिवसांचे बिल एक लाख छत्तीस हजार चारशे. बीडच्या एका खाजगी दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीत हजर तिघे: डॉक्टर, माझा थोरला भाऊ आणि मी. वडील काचेपलीकडे व्हेंटिलेटरवर. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्यांनी डोळे उघडले नव्हते.

आठव्या दिवसापर्यंत डॉक्टर म्हणत होते, "वाट बघू." नवव्या दिवशी मी उरलेले पैसे हप्त्याने भरू का, असे विचारले. दहाव्या दिवशी ते म्हणाले, "आता काही राहिलं नाही. स्वतःचा श्वास नाही. घरी न्या." या क्रमाचा मला संशय आला, तो अजून गेलेला नाही.

भावाबद्दलचा संशय त्याहून मोठा. तो ऊसतोडीचा मुकादम. गुरुवारी त्याची टोळी ट्रकने कारखान्यावर निघणार होती आणि वडिलांपायी तो अडकला होता. डॉक्टर बोलले तशी त्याने मान हलवली. एकही प्रश्न विचारला नाही.

समोर आलेल्या कागदावर छापले होते, 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहोत.'

"सल्ला तर तुम्हीच दिला," मी म्हणालो.

"फॉर्म असाच असतो."

"मग मशीन बंद कोण करणार?"

"इथं कुणी बंद करत नाही. हाताच्या फुग्याने श्वास देत घरापर्यंत नेतात."

भाऊ वैतागला. "आरं, तुला पाण्याच्या गिलासाचीबी पावती लागती. आई चार दिस झालं म्हणती, त्यांला घरच्या भुईवर आणा. कर सही."

"तुला कारखान्याची घाई हाय, दादा."

त्याने सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. बिल भरले.

ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरसोबत एक मदतनीस होता. वडिलांच्या घशातल्या नळीला रबरी फुगा जोडून तो दाबत होता. गाडी हलताच त्याने सांगून टाकले, "घरापोतर मी दाबतो. पर सोडायचा तुमच्यातल्या कुणीतरी. त्याबिगर मी नळीला हात लावत न्हाई. उद्या कुणी म्हणाया नको, ह्यानं मारलं."

थोड्या वेळाने भावाने फुगा स्वतःकडे घेतला. मिनिटाला बारा वेळा. मी घड्याळ लावून बघत होतो. वडवणी मागे पडेपर्यंत त्याचा एकही ठोका चुकला नाही.

घरी आईने खाली घोंगडी अंथरून तुळशीचे पान घातलेल्या पाण्याची वाटी भरून ठेवली होती. वडिलांना खाली घेतले. भाऊ दाबतच राहिला. दहा मिनिटे, वीस मिनिटे.

"मुकादम, सोडा आता," मदतनीस म्हणाला.

"तू गप बे."

"दादा, बस कर," मी म्हणालो.

"मला घाई हाय ना? मग दाबू दे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. वडील गेले तर तेराव्यापर्यंत तो घराबाहेर पडू शकत नव्हता. कारखाना त्याला तसाही चुकणार होता. एवढे साधे गणित मी दवाखान्यात मांडले नव्हते.

आई वाटी घेऊन बसली होती. "आरं, नळी हाय तवर पाणी कसं घालू तोंडात? कोरड्या तोंडानं घालवता का बापाला?"

मी भावाचा हात धरला आणि एकेक बोट उचलले. फुगा सोडवणारा हात माझा होता.

मदतनिसाने नळी काढली, आईने पाणी घातले. त्यानंतर वडिलांनी स्वतःचे श्वास घेतले. मी मोजले: नऊ. डॉक्टर म्हणाले होते, एकही घेणार नाहीत. त्या नऊ श्वासांचा अर्थ विचारायला मी परत दवाखान्यात गेलो नाही. उत्तरावर माझा विश्वास बसला नसता; बसला असता तर त्याचीही भीती होती.

मशीन डॉक्टरांनी थांबवली असती तर मी त्याला मारणे म्हटले असते. माझ्या हाताने झाले त्याला घरचे सगळे 'सुटले' म्हणतात. हात धरला तेव्हा मी आईच्या वाटीकडे बघत होतो. पण त्याआधी दोनदा दारातल्या गाडीकडे बघितले होते, हेही खरे.

गाडीचे ठरलेले साडेतीन हजार आणि चाळीस मिनिटे थांबल्याचे चारशे, एकूण तीन हजार नऊशे ड्रायव्हरला रोख दिले. मदतनिसाने वेगळे काही घेतले नाही.