सहा पानं राहिली होती

"ह्या माका जमाचा नाय, बाय." सदूकाकांनी जाडजूड कादंबरी काउंटरवर ठेवली. "एका पानार दम लागता."

कादंबरी मीच दिली होती. बक्षीसपात्र! कुणकेश्वरच्या वाटेवर आमचं छोटं वाचनालय आहे, तिथे मी ग्रंथपाल. नवखा वाचक आला की त्याच्या हाती उत्तमातलं उत्तम द्यायचं, ही माझी खोड. सदूकाका मच्छीमार. शाळा सुटल्यापासून त्यांनी पुस्तक धरलं नव्हतं. वाचनाची आवड काकींना. पण त्या अंथरुणाला खिळल्या, नजरही गेली, म्हणून काका त्यांना वाचून दाखवणार होते.

आधी विचारायचं ते मी आता विचारलं. "काकींना काय आवडतं?"

"लग्नातली भांडणा. पोट धरून हसता."

मग नव्वद पानांची एक विनोदी कादंबरी काढली. ठसठशीत टाइप, जवळजवळ सगळे संवाद आणि मोडू घातलेलं एक लग्न. परतीच्या तारखेचा शिक्का मारून दिली.

पंधराव्या दिवशी काका हजर. नेमकी आमची वार्षिक तपासणी चालू होती, साहेब समोर बसलेले. मी मान वर न करता पुस्तक जमा करून घेतलं. "आवडलं का?" एवढंही विचारलं नाही. पुस्तकं वेळेवर परत येतात, असा साहेबांनी शेरा दिला. मी खूश.

दोनेक आठवड्यांनी काका पुन्हा आले. भादरलेलं डोकं बघून मी काय ते समजले.

"बाय, त्या पुस्तकात लगीन झाला काय? सा पाना रवली हुती. पुस्तक परत दिलंय त्या सांजेक ती इचारूक लागली. मी सांगलंय, झाला. दोन दिसांनी ती गेली."

"अहो काका, मग परत का केलंत? मुदत वाढवून मिळते!"

"ता माका खंय म्हायत? तुम्ही शिक्को मारलात. मासेमारी बंदीची तारीख इली की होडी वर ओढूची. तारीख म्हणजे तारीख."

मी पुस्तक आणून दिलं. काका उभ्यानंच, शब्दाखाली बोट धरून, मोठ्याने वाचू लागले. सहा पानांना अर्धा तास लागला.

"झाला लगीन," ते म्हणाले. "मी तिका खोटा सांगूक नाय."

मला रडू आवरलं नाही.

हल्ली नवीन वाचकाला मी आधी सांगते, संपलं नाही तर घरीच ठेवा. शिक्का त्यानंतर मारते.